अंगठ्याजवळचा पांढरा

"मला तिला धुळीला मिळवायचंय," चित्रकार म्हणाले. "हे तिचंच काम आहे, एवढं तुम्ही आज लिहून द्या. बाकीचं मी बघतो."

वहिनींनी चष्मा पुसला. वहिनी म्हणजे शहरातल्या नावाजलेल्या खाजगी गुप्तहेर. त्यांचे दीर त्यांना वहिनी म्हणतात, म्हणून अशिलंही म्हणतात. दीर म्हणजे भाऊजी. ते गाडी चालवतात, पिशवी धरतात आणि प्रत्येक प्रकरणात पहिल्या पाच मिनिटांत चुकीचा माणूस पकडतात.

स्टुडिओत इझलवर एक मोठा कॅनव्हास होता. धुक्यातल्या दरीचं ते निसर्गचित्र चित्रकारांनी तरुणपणी रंगवलं होतं. लोकांनी कितीही मागितलं तरी विकलं नव्हतं. आज ते वरपासून खालपर्यंत काळं होतं. काळा अजून ओला होता.

"ती कोण?" वहिनींनी विचारलं.

"माझी शिष्या. या घरात लहानाची मोठी झाली. मग मलाच रंग शिकवायला लागली, म्हणून हाकलली. आता नव्या इस्पितळाच्या दालनातली भिंत समितीने तिला रंगवायला दिलीय. मी असताना!"

"करारावर अजून सही व्हायची आहे ना?"

"पुढच्या आठवड्यात. तुमचा कागद मिळाला की सही कोण करतो ते बघतो."

"मग आजच कागद कशाला?" भाऊजींनी विचारलं. "आठवडा आहे की."

"मला आज हवाय," चित्रकार खेकसले.

चित्रकारांनी पॅलेट पुढे केली. अंगठा घालायच्या भोकाजवळ पांढरा, मग पिवळा, लाल, तपकिरी आणि शेवटी निळा. मध्ये निळा आणि तपकिरी कालवून केलेल्या काळ्याचा राडा. पांढऱ्या, पिवळ्या, लालला कुंचला लागलेला नव्हता.

"काल मी ही खरवडून, पुसून ठेवली होती. आणि मी रंग असे मांडत नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून निळा पांढऱ्याशेजारी ठेवतो. ही माझी जुनी मांडणी. बाहेरच्यांपैकी फक्त तिला शिकवलेली. चोर आपली सही ठेवून गेलाय, बाई."

"झालं की," भाऊजी वहिनींच्या कानात पुटपुटले. "शिष्याच."

"भाऊजी, तुम्ही म्हणालात म्हणजे ती नक्की सुटली," वहिनी म्हणाल्या.

तळमजल्यावर फ्रेमवाला होता. चित्रकारांनी चारचौघांत त्याला खिळेठोक्या म्हटल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"मला आनंदच झाला," तो सरळ म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण मी नाही केलं. माझ्याकडे काळ्या रंगाचा डबा आहे, फ्रेमांना देतो तो. एकदा फासला की चित्रकाराच्या बापाला निघणार नाही. मी त्या नळ्या कशाला पिळत बसू? कुठला रंग कुठल्याशेजारी ठेवतात, मला काय ठाऊक."

चित्रकारांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्या स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या.

"ती येते तुमच्याकडे?" वहिनींनी विचारलं.

काकूंनी दाराकडे बघितलं. "हे बाहेर गेले की येते. किल्ली मीच दिलीय तिला. यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. तिचं नाव काढायची बंदी आहे इथे. तिचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा रोज तिकडे जाऊन वेणी घालत होते मी. पोटची असती तर वेगळं काय केलं असतं?"

शिष्येची खोली एका शिंप्याच्या दुकानावर होती. तिचं डावं मनगट वाकडं जुळलं होतं.

"शिडीवरून पडले," ती म्हणाली. "तिथनं हाकलल्यावर लगेचच. तेव्हापासून पॅलेट धरवत नाही."

रंग टेबलावरच्या जाड काचेवर होते. पण त्यात पांढरा, पिवळा, लाल अशी रांग कुठेच दिसेना. वर फिकट निळसर करडे, मध्ये मळके हिरवे, खाली गडद तपकिरी.

"ही कसली मांडणी?" भाऊजींनी विचारलं.

"अंतराची. लांबचे डोंगर वर, मधली झाडं मध्ये, पायाजवळची माती खाली. आधीच कालवून ठेवते. एका हाताने काम करायचं तर दुसरं काय करणार? आता हीच सवय झालीय."

"चित्र काळं झालंय हे ऐकलंत?"

"ऐकलं. निळा-तपकिरी कालवून फासलाय, काकूंनी फोनवर सांगितलं." तिने कुंचला खाली ठेवला. "त्या दरीकडे बघत मी मोठी झाले. सूड म्हणाल तर मला हवाच होता, आणि भिंत मिळाली तेव्हा तो पुरा झाला. पण चित्र मारायचं असतं तर सुरी चालवली असती ना? जुन्या वाळलेल्या चित्रावर ओला रंग फासून काय होतं? टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो. मात्र वाळायच्या आत पुसायला हवा. तपकिरी लवकर धरतो, उद्यापर्यंत."

गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "मग फ्रेमवाला?"

"शिष्येला बरोबर घ्या," वहिनी म्हणाल्या, "आणि परत चला."

संध्याकाळी सगळे स्टुडिओत जमले. शिष्येला बघून चित्रकारांनी मान फिरवली.

"काळा करायला दोन रंग पुरतात," वहिनींनी सुरुवात केली. "निळा आणि तपकिरी. मग पांढरा, पिवळा, लाल काढले कशाला? त्यांना कुंचलाही लागलेला नाही. ते रंगवायला काढलेले नव्हते. ते दाखवायला मांडले होते. कुणाला तरी ती रांग वाचायची होती, आणि ती आज मला वाचायला दिली."

"तिने सवयीने मांडले," चित्रकार म्हणाले.

"तिची ती सवय मोडून जमाना झाला. तिचं मनगट बघा."

चित्रकारांनी बघितलं. पहिल्यांदाच.

"ती आज अशी रांग मांडत नाही. म्हणजे हे अशा माणसाने मांडलं, ज्याला जुनी रांग ठाऊक आहे, पण तिचा हात मोडलेला ठाऊक नाही. फ्रेमवाल्याला रांग ठाऊक नाही. काकूंना हात ठाऊक आहे. तिला स्वतःला तर आहेच. उरलं कोण?"

भाऊजींनी तोंड उघडलं आणि या वेळी शहाणपणाने मिटलं.

"वैऱ्याने सुरी चालवली असती," वहिनी पुढे म्हणाल्या. "फ्रेमवाल्याने त्याचा डबा ओतला असता. इथे मात्र पुसता येईल असा रंग, तोही पातळ. आणि कागद आजच हवा, कारण उद्या रंग वाळेल. शिष्येला बुडवायचं होतं, पण चित्र गमवायचं नव्हतं. साहेब, इतकी माया या चित्रावर एकाच माणसाची आहे."

चित्रकार एकदम फुटले. "माझं बोट धरून शिकली आणि माझ्याच तोंडचा घास काढला. त्या भिंतीची मी आयुष्यभर वाट बघितली. मी काय करायला हवं होतं? टाळ्या वाजवायच्या?" एवढं बोलून ते फडक्याकडे वळले.

फडकं जागेवर नव्हतं. टर्पेंटाइनची बाटलीही नव्हती. दोन्ही काकूंच्या हातात होती.

"आधी समितीला फोन करा," काकू म्हणाल्या. "खोटा आळ घेणार होतो म्हणून सांगा. मग पुसा."

"मी तिच्यासाठी फोन करणार नाही."

"बरं."

काकूंनी स्वतः फोन लावला. समितीच्या अध्यक्षांना सगळं सांगितलं, अगदी घरातल्या भांडणांसकट. पलीकडून काही विचारलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "हो, मी त्यांची बायकोच बोलतेय. सही तिच्याच नावावर करा."

मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्टुडिओला कुलूप लावलं.

"काकू, नको," शिष्या रडत म्हणाली. "पुसू द्या. मी पुसते हवं तर. चित्राचा काय दोष?"

"तू मध्ये पडू नकोस."

चित्रकारांचा चेहरा उतरला होता. "अगं, उद्यापर्यंत वाळेल तो. माझ्या हातून त्याच्याहून चांगलं काही झालेलं नाही."

"लेकीसारखी पोर तुम्ही घराबाहेर काढलीत, तेव्हा मीही हेच म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "आपल्या हातून याहून चांगलं काही झालेलं नाही. तुम्ही ऐकलं नाहीत."

त्यांनी कुलपाची एकुलती एक किल्ली पर्समध्ये टाकली, शिष्येचा वाकडा हात धरला आणि तिच्या खोलीवर मुक्कामाला निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी रात्री त्या परत आल्या आणि त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं. चित्रकारांनी काळ्यावर बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.