खांद्यावरचा हात

अमरावतीत तेरवीसाठी मोठा फोटो करायचा, तर लोक रागिणीच्या दुकानातच येतात. माणूस गेल्यावर घरच्यांच्या ध्यानात येतं, की अरे, याचा एकट्याचा धड फोटोच नाही! मग कुठल्या तरी लग्नाच्या गर्दीतून त्याला वेगळा काढायचा, शेजारच्याचा खांद्यावर राहिलेला हात पुसायचा, मागं निळं आभाळ टाकायचं आणि हार घालता येईल एवढा मोठा छापायचा. असे हात रागिणीनं किती पुसले असतील, विचारूच नका.

त्या दुपारी अचलपूरकडचा भगवंत आला. संत्र्याच्या बागेवर राबणारा माणूस, मुंडण केलेल्या डोक्याला रुमाल बांधलेला. त्यानं कॅमेऱ्याचं कार्ड पुढं केलं.

"जीवन, माहा लहाना भाऊ. उद्या तेरवी हाय त्याची. फोटो म्हटला का पळून जाये. अकोल्याच्या लग्नातला हा एकच सापडला, ताई. हा बिघडला तर त्याचं तोंडच नाही राहत घरात."

रागिणीनं फोटो उघडला. मांडवात सगळं घर उभं. मागच्या रांगेत टोकाला बावरलेला जीवन, पुढं भगवंतची लहानगी लेक वर्षाली. जीवनच्या खांद्यावर हात होताच, नेहमीसारखा. तिनं कॉपी केली, जीवनला वेगळा काढला, हात पुसला आणि छपाईला लावलं.

मोठ्या मशीनमधून कागद सावकाश बाहेर येऊ लागला. भगवंत वाकून पाहत होता.

"हात कुठी गेला?"

"पुसला ना, भाऊ. कोणा पाहुण्याचा असेल."

"पाहुण्याचा नाही जी..." त्यानं आपल्या खांद्यावर बोटं टेकवून दाखवली. "तीनच बोटं दिसत होती नं? करंगळी नव्हती नं?"

नव्हती खरी. आणि आता रागिणीला आणखी एक गोष्ट आठवली. जीवन टोकाला उभा होता. त्याच्या पलीकडं, जिकडून हात आला होता तिकडं, नुसता मांडवाचा पडदा.

"मायची करंगळी कडब्याच्या कुट्टी मशीनमंदी गेली होती," भगवंत म्हणाला. "वर्षाली व्हायच्या आंधीच गेली माय."

दुसरी कोणी असती तर तिथंच मशीन बंद करून घरी गेली असती. पण रागिणीला भलत्या चौकशीची खोड. तिनं मूळ फोटो उघडला. तिथंही हात नव्हता, आणि मूळ फोटोला तर तिनं बोटही लावलं नव्हतं! ती फोटो मोठा करत करत एकेक माणूस पाहू लागली. एवढा मोठा केल्यावर चेहऱ्यांचे चौकोन होतात, तसे ते झाले. फक्त पुढच्या रांगेत एक गोष्ट फुटली नाही. नखं, सुरकुत्या, करंगळीचा खुंट, सगळं लख्ख. हात वर्षालीच्या डोक्यावर होता.

"बाप्पा!" भगवंतच्या डोळ्यांत पाणी आलं. "नातीले पाहाले आली वं माय!"

रागिणीनं मात्र विचारलं, "जीवनभाऊ कशानं गेले?"

"काहीच झालं नोतं. लग्नाहून आला, जेवला, झोपला. उठलाच नाही."

बोलता बोलता त्याच्याही ध्यानात आलं. त्यानं घरी फोन लावला, स्पीकरवर. वर्षालीनंच उचलला.

"का करून राहिली, बेटा?"

"झोपली होती. आजीनं उठवलं."

"कोणत्या... आजीनं?"

"इनंच. बाबा, इले करंगळी काहून नाही? मले म्हणते, चाल..."

"जाऊ नको! वर्षाली, कुठीच जाऊ नको!"

रागिणीनं कॉपी उघडली आणि पुसलेलं मागं घ्यायला लागली. एक पायरी, दुसरी, तिसरी... जीवनच्या खांद्यावर हात परत उमटला.

"बाबा," मग वर्षाली म्हणाली, "गेली आजी."

रागिणीनं हातासकट नवा फोटो छापला, गुंडाळून भगवंतच्या स्वाधीन केला आणि बजावलं, "याच्यातलं काही म्हणता काही पुसू देऊ नका कोणाले."

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी भगवंतचा फोन आला.

"वर्षाली मजेत हाय, ताई. पण फोटोतला हात... काल तीन बोटं होती. सकाळी दोन दिसली. आता एकच दिसून राहिलं."

"थांबा, दुसरा छापते मी, लगेच!" रागिणीनं घाईनं फाईल उघडली. जीवनचा खांदा मोकळा होता.

"भाऊ," तिनं हळूच विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"मी अन् वर्षाली. बाकी सारे बागेत गेले."

त्याच्या मागं, आतल्या खोलीत वर्षाली कोणाशी तरी बोलत होती. मध्येच थांबायची, ऐकायची आणि खुदकन हसायची.