जोडकार्ड

नांदेडच्या डॉक्टरनं बजावलं होतं, "मोतीबिंदू काढलाय, पण लेकरांच्या डोळ्यांत मागचा पडदा पुन्हा धुरकटतो. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणा." शेषेराव मान हलवून आला खरा. पुढं लातूर जिल्हा झाला, त्याची नव्या कचेरीत बदली झाली, वर दुष्काळ. टँकरच्या फायली उपसता उपसता नांदेड राहूनच गेलं.

दवाखान्याचं जोडकार्ड यायचं, उत्तरासाठी कोरं पोस्टकार्ड जोडलेलं. 'मुलीला दिसतं का?' गडी पक्का कारकून, कागदाला कागदानं उत्तर! सहा वर्षांच्या पंचशीलाला दारात उभी करून तो भिंतीवरच्या, रोज पान फाडायच्या कॅलेंडरचा आकडा विचारायचा. जाड चष्मा सावरत ती बरोबर सांगायची. तो लिहायचा, 'दिसतं.'

"अहो, पोरगी उंबऱ्याला ठेचकाळून राहिली," बायको चांगुणा म्हणायची. "एकदा नेऊन आणा की."

"आकडा बरोबर सांगती न्हाई का? उगं जिवाला घोर लावू नको."

एका सकाळी त्यानं सवयीनं विचारलं.

"एकोणीस," पोरगी म्हणाली.

"आज एकवीस हाय गं," म्हणत त्यानं वर पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा. कॅलेंडर पेटीमागं पडलं होतं. हात घालून काढलं, तर दोन दिवस पान फाडलेलंच नव्हतं. एकोणीस.

दुसऱ्या दिवशी मायलेकींना घेऊन त्यानं नांदेडची एसटी धरली.

डॉक्टरनं बॅटरी मारली आणि तो भडकलाच. "सहा महिने झाले असतील हो! उजेड-अंधार सोडून हिला काही दिसत नसणार. आणि हे काय लिहिता?" त्यानं दोन कार्डं पुढं टाकली. दोन्हींवर शेषेरावाचंच वळणदार अक्षर. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

"मग आकडा कसा सांगायचीस गं?"

"ती सांगायची की. तुमच्या मागं उभी राहून."

"कोण?"

पोरीनं खांदे उडवले.

डॉक्टरनं सुईनं पडद्याला भोक पाडलं. पट्टी सुटली तशी पोरीनं आईच्या हनुवटीवरल्या गोंदणाला बोट लावलं आणि खुदकन हसली. शेषेरावाला मात्र तिच्याकडं बघवेना.

"आता सांगती का गं ती?" घरी आल्यावर त्यानं विचारलं.

"मला आता कशाला? मला दिसतंय की."

महिन्यानं नवं कार्ड आलं. पोरगी शाळेत, चांगुणा टँकरवर पाण्याला. या खेपेला खरं ते लिहायचं म्हणून तो बसला. तारखेसाठी कॅलेंडरकडं पाहिलं.

आकडा धुरात बुडालेला.

त्यानं डोळे पुसले. पुन्हा पुसले.

"सात," मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

शेषेरावानं कार्डावर सात तारीख घातली. आणि खाली लिहिलं, 'दिसतं.'