दोनशे चौदा नंबरची साखळी

गालिच्यांचे उरलेसुरले तुकडे उचलायचे आणि नदीकाठच्या आपल्या खोपटात अंथरायचे, एवढाच त्या सकाळचा बेत होता. ऑक्टोबरची सुट्टी लागली होती. हार्टनबेक गावातलं गालिच्यांचं दुकान बंद पडलं होतं आणि ती जुनी इमारत आता पाडणार होते. बारा वर्षांची मेर्ले, तिचा नऊ वर्षांचा भाऊ टिल आणि तिच्या वर्गातला इलयास मागच्या दाराने आत शिरले. दाराला कडी होती, पण नुसती नावाला.

दुकान होण्याआधी तिथे थेरेसिया खाणीच्या कामगारांचा कपडे बदलायचा हॉल होता. दुकानदाराने बसवलेलं खोटं छत कालच उतरवलं होतं, त्यामुळे खरं छत पहिल्यांदाच दिसत होतं. तिथून शेकडो साखळ्या लोंबत होत्या. प्रत्येक साखळी वरच्या चाकावरून वळून खाली भिंतीजवळच्या दांड्यापर्यंत येत होती आणि दांड्यावर नंबर होते. कामगार आपले कपडे साखळीच्या आकड्याला अडकवायचा, वर ओढून घ्यायचा आणि दांड्याला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालून खाली जायचा.

"वर कुणीतरी लटकलंय," टिल हळूच म्हणाला.

माणूस नव्हता, कोट होता. सगळे आकडे रिकामे आणि त्या एकाच आकड्याला धुळीने माखलेला काळा कोट. मेर्लेने त्याची साखळी डोळ्यांनी खाली खाली आणली. दांड्यावर गंजलेलं कुलूप होतं. तिने बोटाने धूळ पुसली. नंबर होता दोनशे चौदा.

हार्टनबेकमध्ये हा नंबर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुणी काम टाकून पळाला की लोक हसतात, "केलं का दोनशे चौदा?" फुटबॉल सोडून घरी निघालेल्याला पोरं तेच ऐकवतात. मेर्लेने हे ऐकलं की ती मान फिरवायची, कारण दोनशे चौदा म्हणजे तिच्या आजीचे वडील, ब्रूनो नोविकी.

सत्तावन्न साली थेरेसिया खाणीत आग लागली. आग विझेना, म्हणून शेवटी तोंडच भिंत बांधून बंद करावं लागलं. कोण खाली राहिलं हे कळलं ते बिल्ल्यांवरून. खाली जाणाऱ्याचा पितळी बिल्ला फळ्यावरून काढून घेत आणि तो वर आला की पुन्हा लावत. अकरा खुंट्या रिकाम्या होत्या, म्हणून स्मारकाच्या दगडावर अकरा नावं कोरली गेली. ब्रूनोचा दोनशे चौदा नंबरचा बिल्ला मात्र जागेवर होता, आणि ब्रूनो ना घरी होता ना गावात. म्हणजे तो त्या दिवशी कामावर गेलाच नाही, संधी साधून बायकापोरांना टाकून पळाला, असं गावाने ठरवून टाकलं. ट्राउडेल आजी तेव्हा पाच वर्षांची होती. तिची आई लोकांचे कपडे धूत मान खाली घालून जगली आणि तशीच गेली. आजीच्या घरात आजही कुणी वडिलांचा विषय काढत नाही.

इलयासचे आजोबा शेजारच्या गावच्या खाणीत तीस वर्षं राबले होते. इलयासने वर पाहत विचारलं, की तो कोट कामाचा आहे की घरून घालून आलेला?

"घरचाच. कामावर कोण असला कोट घालेल?" मेर्ले म्हणाली.

"मग बघ ना. सकाळी घरचे कपडे वर जातात आणि कामाचे अंगावर येतात. जो पळून गेला, तो अंगावर काय घालून गेला?"

म्हणजे ब्रूनो पळाला नव्हता, खाली उतरला होता आणि वर आलाच नव्हता. मेर्ले तिथल्या बाकावर बसली. सगळं गाव त्या माणसाला साठ वर्षं शिव्या घालत होतं, आणि त्याचा कोट भरवस्तीत सगळ्यांच्या डोक्यावर टांगलेला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

तेवढ्यात पाडकामाचा मुकादम पोल्के आत आला. त्याच्यामागे गॅसचा कटर घेतलेले दोन कामगार होते. त्याने आधी तिघांना दटावलं, मग मेर्लेचं म्हणणं अर्धंमुर्धं ऐकून हातातला कागद नाचवला. हॉल तपासला आहे, रिकामा आहे, खाली सही आहे. दहा वाजता साखळ्या कापायच्या आणि भंगारात घालायच्या. तपासणारा कधी हॉलमध्ये आला तरी होता का, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

मेर्लेला वाटलं, पळत जाऊन साखळी मिठीत धरावी. इलयासने मात्र तोंड एकदम गरीब केलं आणि विचारलं, "काका, वटवाघळांचा रकाना भरलाय का हो?"

आमच्याकडे माणसासाठी काम थांबेलच असं नाही, वटवाघळासाठी मात्र कायद्यानेच हमखास थांबतं. इलयासच्या मामाचं छप्पर त्यापायी सहा महिने उघडं पडलं होतं. पोल्केने कागद उलटा केला. रकाना कोरा होता. इलयासने जमिनीवरच्या काळ्या लेंड्या दाखवल्या आणि अगदी खरं तेच सांगितलं, की या उंदराच्या आहेत की वटवाघळाच्या ते आपल्याला काही कळत नाही, पण निसर्गरक्षणाच्या ऑफिसातल्या बाईंना नक्की कळेल. पोल्केने कपाळाला हात लावला आणि फोन केला. बाई बारा वाजता येणार होत्या. तोवर कटर खाली ठेवा, असा हुकूम आला.

"टिल, पळ," मेर्ले म्हणाली. "आजीला आण. आणि शिमिक आजोबांना पण."

शिमिक आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे होते. त्या सकाळी थेरेसिया खाणीत असलेल्यांपैकी गावात उरलेले ते एकटेच. ते काठी टेकत आले आणि त्यांनी वर पाहिलं. दारातच उभ्या राहिलेल्या आजीकडे त्यांना बघवेना.

मग त्यांनी सांगितलं. बिल्लेवाला म्हातारा कनवाळू होता. कुणाला उशीर झाला की तो म्हणायचा, जा तू, खाली नेणारा पाळणा सुटेल, बिल्ला मी मागाहून काढतो. कधी काढायचा, कधी विसरायचा. हे सगळ्या कामगारांना ठाऊक होतं. आगीनंतर साहेबांनी म्हाताऱ्याला विचारलं, तेव्हा तो थरथरत म्हणाला की फळा खरं सांगतो. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

"मी पण," शिमिक आजोबा म्हणाले. "मला वाटलं, असेल गेला पळून. म्हाताऱ्याला तुरुंगात कशाला धाडा. पुढे अकरा जणांच्या घरच्यांनी येऊन आपापल्या साखळ्या उतरवल्या. दुसऱ्याच्या साखळीला हात लावायचा नाही, ही आमची रीत. तुझी आई आली नाही, म्हणून ही तशीच राहिली. वर मान करून कुणी बघितलंच नाही, ट्राउडेल."

पोल्के पुढे झाला. एव्हाना त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं होतं. मोठी कात्री आणून त्याने फक्त कुलूप तोडलं आणि साखळी टिलच्या हाती द्यायला निघाला, तशी मेर्लेने टिलला मागे ओढलं. ही आजीची आहे, ती म्हणाली.

आजीने दोन्ही हातांनी साखळी धरली आणि हळूहळू सोडली. चाक करकरलं. कोट खाली आला. कसरीने त्याची चाळण केली होती. त्याच्या शेजारी टोपी होती आणि दोन मोठे बूट एकमेकांना बांधून टांगलेले होते. आजीने कोटाच्या खिशात हात घातला आणि वर्तमानपत्राची एक पुरचुंडी बाहेर काढली. कागद तिच्या हातातच भुगा झाला. आत लहान मुलीचा एक बूट होता, लाल, तळ सुटलेला.

"हा माझा," आजी म्हणाली. तिचा आवाज मेर्लेने कधी ऐकला नव्हता इतका बारीक झाला होता. "याची नाडी मीच बांधून दिली होती. कामावरून येताना बाबा तो मोचीकडे टाकणार होते. मी आईला विचारत राहिले, माझा बूट कधी येणार, आणि आईने मला मारलं."

मेर्लेला रडू आवरलं नाही. इलयासने तोंड फिरवलं. शिमिक आजोबांनी डोक्यावरची टोपी काढली. तुम्ही तिघांनी एका सकाळी केलंत ते आम्ही हजार माणसांनी साठ वर्षांत केलं नाही, असं ते मुलांना म्हणाले. मग आजीसमोर उभं राहून त्यांनी तिची माफी मागितली आणि सांगितलं, की दगडावर बारावं नाव कोरेपर्यंत मी मरत नाही.

आजीने मान हलवली. तिचं लक्ष बुटाकडे होतं. तिने तो आपल्या तळहातावर ठेवला, त्याचा सुटलेला तळ बोटाने दाबून जागेवर बसवला आणि मग मेर्लेला जवळ घेतलं.

"संध्याकाळी घरी येणार होते गं ते," ती म्हणाली.