डाव्या बाजूचं वजन

तुम्ही त्या गाडीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी हा विषय काढत नाही. मार्सेल तर काढूच देत नाही.

वसई पूर्वेला आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुन्या गाड्या घ्यायच्या, इंजिन उघडायचं, त्यांच्यातून जास्त ताकद काढायची, हे आमचं काम. आमचं म्हणजे माझं आणि मार्सेलचं. मार्सेल पाचूबंदरचा, पन्नाशीचा. बापाची होडी होती, पण याचं मन लागलं लेथ मशीनवर. मी आचोळ्याच्या फ्लॅटात वाढलेला, इंजिनीअरिंग करून नोकरी सोडलेला. दोघांचं जमलं ते जमलं.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत निर्मळहून फोन आला. हरिश्चंद्र नावाचे गृहस्थ होते. म्हणाले, एक गाडी बघायला याल का.

मी सकाळी गेलो. रस्त्यापासून आत केळीची वाडी, सोनचाफ्याची झाडं, मागे पत्र्याची शेड. काका एकोणऐंशी वर्षांचे, ताठ, स्वच्छ पांढरा लेंगा-सदरा. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केलेली, तिथल्या परत जाणाऱ्या इंग्रज साहेबाकडून ही गाडी घेतली होती. मुलगा उमंग कॅनडात. घरात एकटेच. त्यांनी ताडपत्री ओढली आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. साठच्या दशकातली विलायती दोन सीटर, उघड्या टपाची, कंबरेइतकीच उंच. रंग ताकासारखा. तेहेतीस वर्षं चाललेली नव्हती, पण पत्रा गंजानं कुठे खाल्लेला नव्हता. कुणीतरी दर आठवड्याला पुसत आलं होतं.

मला वाटलं, शोसाठी चकाचक करून हवी असेल. काका म्हणाले, रंगाला हात लावू नकोस. मला ती पळायला हवी. किती, असं मी विचारलं. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. निर्मळहून पापडी, दहा मिनिटांच्या आत.

मी हसलो. आजच्या रिक्षा-टेम्पोंच्या गर्दीत पंचवीस मिनिटं लागतात. ते हसले नाहीत. म्हणाले, रस्त्याचं तू बघू नकोस. गाडीचं बघ.

चार महिने आम्ही त्या गाडीवर काम केलं. मार्सेलनं सिलिंडर मोठे केले, हेड घासून आरशासारखं केलं. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर बसवले. पुढे डिस्क ब्रेक, नवा मोठा रेडिएटर. पहिल्यांदा इंजिन चालू झालं तेव्हा मार्सेल डोळे मिटून ऐकत राहिला. चर्चमध्ये उभा राहतो तसा.

मग वजन. ताकद वाढवण्यापेक्षा वजन उतरवणं सोपं. जुने गालिचे, जादा पाट्या-पत्रे, जड बंपर, सगळं काढलं. आणि एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी गाडी काट्यावर चढवली. चार चाकांखाली चार चपटे काटे ठेवायचे, प्रत्येक चाकावर किती भार येतो ते समोरच्या डब्यावर आकड्यांत दिसतं. त्यावरून स्प्रिंगा वर-खाली करायच्या, म्हणजे वळणावर गाडी एका अंगाला झुकत नाही. ड्रायव्हरच्या जागी माझ्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. शेजारची सीट रिकामी.

डावी बाजू हिशेबापेक्षा एक्केचाळीस किलोंनी जास्त दाखवत होती.

काटा बिघडला असेल म्हणून डावे काटे उजवीकडे नेले. भार डावीकडेच राहिला. सिमेंटची गोणी ठेवून काटे तपासले, बरोबर पन्नास. शेवटी मार्सेलनं शेजारची सीटच बोल्ट सोडून बाहेर काढली. सीटचे बारा किलो कमी झाले. एक्केचाळीस तिथंच.

मी खाली वाकून बघत होतो, तेवढ्यात मार्सेल हळूच म्हणाला, "सिद्धेश... आकडा बघ."

आकडा हलत होता. एक्केचाळीस पूर्णांक दोन. एक्केचाळीस. परत दोन. अगदी संथ, वर आणि खाली, वर आणि खाली. बाहेर रणरणतं ऊन होतं, शेजारच्या गाळ्यातली मशीन जेवणानंतर अजून सुरू झाली नव्हती, पंखासुद्धा बंद होता. गाडीला कुणी हात लावलेला नव्हता. आम्ही दोघं त्या लाल आकड्याकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं त्याची लय वाढली. भरभर, उथळ. मध्येच अडखळायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी नकळत त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागलो होतो.

तीन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी तो स्थिर झाला. एक्केचाळीसवर, अगदी निश्चल. आणखी चार मिनिटांनी वजन गेलं. गाडीची डावी बाजू अर्धं बोट वर उचलली गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वजन बरोबर होतं. दुपारी तीन वीसला पुन्हा एक्केचाळीस. तिसऱ्या दिवशीही तसंच.

मार्सेलनं हात धुतले आणि तो म्हणाला, "पत्रा असता तर कापला असता. हितं कोन बसलंय, ते त्या म्हाताऱ्याला इचार. मी डाव्या दाराला हात लावनार नाय."

मी निर्मळला गेलो. काका ओट्यावर केळीच्या खोडाच्या सालीचे दोर सोलत बसले होते. कसं सांगावं मला कळेना. शेवटी हिशेब सांगितल्यासारखं सांगून टाकलं, की डाव्या बाजूला वजन येतंय आणि ते निघत नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. त्यांचे हात थांबले.  मग म्हणाले, बेचाळीस होती, त्या आठवड्यात एकानं उतरली होती.

मग त्यांनी मला त्यांच्या बायकोबद्दल, शांताकाकूंबद्दल सांगितलं. हृदयाची झडप लहानपणापासून नाजूक. एक्क्याण्णव सालचा मे महिना, दुपारची वेळ, काकूंना अचानक श्वास पुरेना. पापडीला एका डॉक्टरांचं नर्सिंग होम होतं. त्या वेळी हाताशी दुसरं वाहन नव्हतं, म्हणून काकांनी हीच गाडी काढली. शेजारी काकू. भुईगावच्या पुढे इंजिन तापलं, वाफा यायला लागल्या, गाडी बैलगाडीच्या वेगानं चालली. काकूंचा एक हात काकांच्या गुडघ्यावर होता. गिरीजजवळच्या मोरीपाशी तो हात जड झाला. नर्सिंग होमला पोचायला पंचवीस मिनिटं लागली. डॉक्टर फक्त एवढंच म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतंत तर.

"ती अजून पोचलेलीच नाही रे," काका म्हणाले. "रोज निघते आणि त्या मोरीपाशी थांबते."

 

त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवायला मनाई होती. आणि चालवता येत असतं तरी आपण जाणार नाही, असं म्हणाले. "मी आता एकोणऐंशीचा. ती तिथं पंचेचाळिसाचीच आहे. मला ओळखायची नाही, घाबरेल. तू ने तिला." मी उठलो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "सीट परत लाव. ती बसणार कशावर?"

ते नर्सिंग होम पाडून पंधरा वर्षं झाली होती. तिथं आता सात मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. आमच्यापैकी कुणीच ते बोललं नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मी गाडी निर्मळला नेली. मार्सेल आला नाही. पण आदल्या दिवशी त्यानं सगळे बोल्ट स्वतः तपासले होते, आणि शेजारच्या सीटच्या पाठीला एक छोटी उशी ठेवलेली मला दिसली. 

दुपारी सव्वातीनला गाडी वाडीच्या तोंडाशी उभी केली. हवा हलत नव्हती. काकांनी डावं दार उघडलं, थोडं थांबले, वाकून कुणाचा तरी पदर आत घेतल्यासारखं काहीतरी केलं आणि दार अलगद लावलं. गाडी डावीकडे बसली. मला ती बसलेली कळली, शेजारी माणूस बसल्यावर कळते तशी. खोबरेल तेलाचा आणि कसल्याशा कडू औषधाचा वास आला.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सावकाश नको."

मी निघालो.

पहिला फर्लांगभर रस्ता नेहमीचाच होता. एक रिक्षा, एक पाण्याचा टँकर. त्यांना ओलांडून मी गिअर टाकला, इंजिनाचा आवाज भरून आला, आणि मग रस्त्यावर कुणीच नव्हतं. उन्हाचं मृगजळ डांबरावर हलत होतं आणि आम्ही त्यात शिरत होतो. त्याच्या पलीकडे इमारती दिसायला हव्या होत्या. दिसत नव्हत्या. दोन्ही बाजूंना केळी, पानवेली, मधूनच विहिरीचा रहाट. रस्ता अरुंद झाला होता, कडेची झाडं मोठी झाली होती, सावल्या गार होत्या. मला भीती वाटायला हवी होती. पण झोपेत आपल्याला एखादी गोष्ट पटत जाते ना, तसं मला सगळं पटत होतं. गाडी जमिनीवरून नव्हे, जमिनीच्या वीतभर वरून जात होती.

शेजारी श्वास ऐकू येत होता. मी डावीकडे बघितलं नाही. एकदाही नाही. वळणावर गाडी झुकली की सीटचं चामडं करकरायचं.

"बाई... धरून बसा," मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आला.

माझ्या डाव्या गुडघ्यावर काहीतरी टेकलं. हलकं, गार. हातच होता तो.

भुईगाव मागे गेलं. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. श्वास आता तुटायला लागला होता. घेतला की सुटायला वेळ लागायचा. गिरीजची मोरी समोर दिसली, चुन्याच्या दोन पांढऱ्या कठड्यांची. मी पाय पूर्ण दाबला. कठडे जवळ आले आणि शेजारचा श्वास थांबला. गुडघ्यावरचा हात जड होत गेला... जड... इतका, की पाय उचलता येईना. मला आठवतंय, मी मोठ्यानं म्हणालो, नाही, नाही, जरासंच राहिलं. गाडी मोरीवरून उडाली, चारही चाकं सुटली असावीत, आणि पलीकडे खाली आदळली.

त्या दणक्याबरोबर शेजारी कुणीतरी खोल, लांब श्वास घेतला. बुडणारं माणूस वर येऊन घेतं तसा.

पापडीला कडुलिंबाखाली एक पांढरं लोखंडी फाटक होतं. पांढऱ्या साडीतली नर्स पायऱ्या उतरून आली. घाईत नव्हती, वाट बघत असल्यासारखी आली. तिनं डावं दार उघडलं, कुणाला तरी काखेत हात घालून उठवलं. गुडघ्यावरचा हात उचलला गेला. गाडीची डावी बाजू वर आली. नर्सनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मागून हॉर्न वाजला. मी मोबाइलच्या दुकानासमोर रस्ता अडवून उभा होतो. डावं दार उघडं होतं. निघाल्यापासून नऊ मिनिटं झाली होती.

परत यायला मला चाळीस मिनिटं लागली. काका ओट्यावरच होते. मी सांगितलं, नऊ. त्यांनी विचारलं, मोरीपाशी? मी म्हणालो, थांबल्या होत्या, पण पुढे श्वास आला. त्यांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. मग आत जाऊन त्यांनी माझ्यासाठी चहा केला आणि मी तो पिऊन संपेपर्यंत केळीच्या भावाबद्दल बोलत राहिले.

पुढच्या आठवड्यात गाडी काट्यावर चढवली. तीन वीस झाले, तीन एक्केचाळीस झाले. डाव्या बाजूला काहीही नव्हतं. मार्सेलनं स्वतःच्या हातानं डावं दार उघडलं आणि बंद केलं.

ऑगस्टमध्ये काका झोपेतच गेले. उमंग आला, दिवस उरकले, वाडी भाड्यानं दिली. गाडी पुण्याच्या एका संग्राहकाला विकली. ट्रेलरवर चढवून नेली तेव्हा मी तिथंच होतो. पुढे ती त्याच्याकडूनही परदेशात गेल्याचं कळलं. मला वाटलं, चला, नीट झालं सगळं.

परवा दुपारी मी गाळ्यात एकटाच होतो. मोबाइल वाजला. नंबर दिसत नव्हता. पलीकडे बाईमाणूस, मऊ आवाज, मागे कुठेतरी पितळी भांडं खाली ठेवल्याचा नाद.

"सिद्धेश का?"

मी हो म्हणालो.

"नर्सिंग होममधून बोलतेय. तुम्ही आणलेल्या बाई आता पूर्ण बऱ्या आहेत. घरी सोडायचं डॉक्टरांनी केव्हाच सांगितलंय. पण न्यायला कोणी आलंच नाही."

 घरी कोणी नाही, हे सांगायचं होतं. गाडी नाही, हे सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "येतो."

"या," ती म्हणाली. "पण फार उशीर करू नका हं. त्या रोज तीन वाजल्यापासून आवरून बसतात."