अर्धा आटा

जुन्या हत्यारांचा नाद मला होता, हे आधी सांगून टाकतो. म्हणजे मी सिहोऱ्याला काहून गेलो ते कळेल.

मी तेव्हा जबलपुरात एका सरकारी कचेरीत कारकून होतो. घर महाराजपुरला. बाबा भंडाऱ्याकडून कामासाठी इकडे आले होते. पुढे राज्यं वेगळी झाली, भंडारा-नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडेच राहिलो. घरात मराठी, फाटकाबाहेर हिंदी. अर्धं शहर सायकलवर चालायचं आणि माझी सायकल मी कधी मिस्त्रीकडे नेली नाही. रविवार आला की गुरंदीच्या जुन्या बाजारात फिरायचं, गंजलेला पाना, चेन तोडायचा पंच, चाकाचा आउट, म्हणजे डुगडुग, काढायची चावी असं काहीबाही उचलून आणायचं, रॉकेलमध्ये भिजवायचं, घासायचं आणि भिंतीवर खिळ्याला टांगायचं. माझी बायको अंजनी म्हणायची, "लोकं देव टांगतात भिंतीवर, तुम्ही लोखंड टांगता."

त्र्याहत्तरचा मार्च होता. कचेरीतला बळीराम माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा आणि घरही आमच्याच गल्लीत होतं. तो म्हणाला, "पुंडलिक भैया, सिहोऱ्यात लहानू मिस्त्री वारला हिवाळ्यात. आपल्याकडलाच माणूस. बायको सगळी हत्यारं काढून राहिली म्हणते."

रविवारी सकाळच्या बसने गेलो, पंचवीसेक मैल. बाजाराच्या टोकाला, कडुनिंबाखाली, पत्र्याचं दुकान होतं. दाराला साखळी. मागच्या खोलीत लहानूची बायको पार्वताबाई एकटीच राहायची. पन्नाशीची असेल. तिने लाकडी पेटी अंगणात ओढून आणली आणि स्वतः चार पावलं मागे सरकून उभी राहिली.

पेटी उघडली तसा पंक्चरच्या सोल्यूशनचा उग्र वास आला. इतका ताजा, की जणू आत्ताच कुणी ट्यूबला लावून फुंकर घातली असावी. हत्यारं मात्र देखणी होती. एकेक पुसून, तेल लावून, कापडात गुंडाळलेलं. तळाशी एक पाना होता, दांड्याला सुती दोरा गुंडाळलेला. वर्षानुवर्षं धरून त्या दोऱ्यात अंगठ्याचा खोलगट खड्डा पडला होता. मी तो हातात घेतला, पण बसेना. खड्डा उलट्या बाजूला होता.

"डावरे होते का मिस्त्री?"

"हो जी." ती माझ्या हातांकडे पाहत होती. "तुम्ही...?"

"मी उजवा."

तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला. "मग न्या," ती म्हणाली. "सगळंच न्या. एक बी ठेवू नका इथं."

मी सांगितला तो भाव तिने ऐकूनही घेतला नाही, दिले ते पैसे ओट्यावर ठेवायला लावले. मी अंगणातून बाहेर पडायच्या आत तिने दाराला आतून कडी घातली.

पहिले चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी कचेरीच्या सायकल स्टँडवर माझी सायकल काढताना शेजारच्या सायकलच्या पुढच्या चाकाचा नट मला सैल वाटला. तो दोरावाला पाना खिशात होता. घरून कधी घेतला ते आठवेना. मी वाकलो, नट आवळला आणि चालू लागलो. दहा पावलांवर ध्यानात आलं, पाना माझ्या डाव्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी दोन सायकली. मग सात. नट सैल नसायचेच. तरी पाना लावून ओढल्याशिवाय पाय निघायचा नाही. टेबलावर बसलो की डावा हात फाइलीखाली सरकायचा आणि बोटं आपोआप वळायची... थांबायची... पुन्हा वळायची. जेवताना तेच. झोपेत तेच. अंजनीने एकदा माझा हात धरला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "पंक्चर काढलं काय आज?"

"नाही."

"मग हे सोल्यूशन कुठून आलं?"

मी साबणाने धुतला. राखेने घासला. वास गेला नाही.

स्टँडच्या चौकीदाराने मला एका दुपारी पकडलं. "क्या बाबूजी, नट चुराने लगे?" चारचौघात तो हसत म्हणाला, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर नजर ठेवू लागला. मी पाना घरी पेटीत ठेवून, पेटीला कुलूप लावून कचेरीत जायचो. मग जीव इतका कासावीस व्हायचा, की टपाल लिहिता लिहिता मी दोनदा उठून खिडकीतून स्टँडकडे पाहायचो. ऐंशी-नव्वद सायकली उन्हात उभ्या. त्यातली एक कोणती तरी सैल आहे, असं कुणी कानाशी सांगत राहायचं. कोणती, ते सांगत नव्हतं.

मग तो रविवार आला. भर दुपारची वेळ, गल्ली सामसूम. अंजनीने मला हाक मारली म्हणे, मी ओ दिली नाही. ती बाहेर आली तर मी बळीरामच्या ओट्यापाशी उकिडवा बसून त्याच्या सायकलचा नट आवळत होतो आणि पुटपुटत होतो.

"काय करून राहिले तुम्ही?"

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने नंतर सांगितलं, माझा आवाज माझा नव्हता, घोगरा होता, बिडी ओढणाऱ्याचा. "अर्धा आटा..." मी म्हणत होतो. "अजून अर्धा आटा..."

तिने मला ओढून घरात नेलं. पण त्याआधी मी किती वेळ तिथे बसलो होतो, किती जोर लावला होता, ते मला माहीत नव्हतं. सायकलवाल्याला हे सांगायला नको : नट गरजेपेक्षा जास्त आवळला की आटे मरतात. वरून घट्ट दिसतो, आत काही धरलेलं नसतं.

सोमवारी सकाळी बळीराम माझ्या पुढे दहा हातांवर सायकल चालवत होता. वळणावर त्याचं पुढचं चाक वेगळं झालं आणि एकटंच पुढे गेलं. तो तोंडावर आपटला. हनुवटी फाटली, दोन दात गेले. मागून येणाऱ्या ट्रकने कसाबसा ब्रेक लावला. मी त्याला उचललं तेव्हा त्याचं रक्त माझ्या उजव्या हाताला लागलं. डावा हात... तो बाजूला पडलेल्या सायकलकडे ओढ घेत होता. मला ते जाणवत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

दवाखान्यातून आल्यावर मी अंजनीला सगळं सांगितलं. ती रडली नाही. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिने माझा डावा हात खाटेच्या माच्याला बांधला. "उद्याच जा सिहोऱ्याला. पेटी परत द्या. अन् त्या बाईला विचारा, काय विकलं म्हणा तुम्ही आम्हाले."

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन गेलो. पार्वताबाईने मला पाहिलं आणि माझा पट्टीत बांधलेला हात पाहिला. ओट्यावर मटकन बसली.

"मला वाटलं, उजव्या माणसाला धरणार नाही," ती म्हणाली.

"बाई, माझ्या तोंडून कुणी 'अर्धा आटा' म्हणतो."

तिने पदर तोंडावर घेतला. मग ती बोलू लागली, जमिनीकडे पाहत.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तहसिलीतून रिटायर झालेले अण्णा जवळच राहायचे. त्यांची लेक इंदू शाळेत मास्तरीण होती, सायकलवर जायची. तिचं पंक्चर लहानूने काढलं, पुढचं चाक बसवलं, नट बोटांनी फिरवून ठेवले. पान्याने आवळायचे राहिले होते.

"अन् मी आतून हाक मारली. चहा निवून राहिला म्हणून." तिचा आवाज खाली खाली गेला. "मीच मारली जी. ते आत आले. तेवढ्यात इंदू आली, घाईत होती, सायकल घेऊन गेली. हिरन नदीच्या पुलाकडे उतार आहे ना... तिथं चाक निघालं. पोरगी जागीच गेली."

"लोक काय म्हणाले?"

"पोरगी जोरात सोडायची, म्हणाले. कुणी यांचं नाव नाही घेतलं. यांनी बी नाही सांगितलं, मी बी नाही. त्या दिवसापासून हे गावातल्या सगळ्या सायकली आवळत फिरायचे. लोक पागल म्हणत. जीव गेला तरी बोटं वळतच होती... मी माझ्या हातांनी धरून ठेवली तेव्हा थांबली."

"सायकल कुठे आहे ती?"

"अण्णांकडे. चाक काढलेलंच आहे अजून."

मी पेटी उचलली. "तोच नट आवळायचा राहिला आहे, बाई, अण्णांकडे चला." ती उठेना. मी म्हटलं, "मी सांगितलं तर ते मला कोण म्हणून ऐकतील?" मी फाटकापाशी पोहोचलो तेव्हा मागे चपलांचा आवाज आला.

अण्णांच्या घराला मागे पडवी होती. उंच, वाकलेले गृहस्थ. सत्तरी उलटलेली. पार्वताबाई उंबऱ्याबाहेरच थांबली आणि एका दमात सगळं बोलून गेली, चहासकट. काही लपवलं नाही. शेवटी हात जोडले आणि तसेच राहिले.

मला वाटलं ते ओरडतील, हाकलून देतील. ते खांबाला धरून उभे राहिले.

"नऊ वर्षं," अखेर ते म्हणाले, "मी माझ्या लेकीला बोल लावला. रोज. उतारावर ब्रेक काहून नाही लावला म्हणून. तिच्या फोटोसमोर उभा राहून..." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी हत्यारं विकत घेतली, जी."

त्यांनी पडवीकडे हात केला.

सायकल भिंतीला टेकून उभी होती. काळी, लेडीज. धूळ बोटभर. टायर सुकून तडकलेले, दोन्ही बसलेले. पुढचं चाक शेजारी ठेवलं होतं. अण्णांनी ते स्वतः उचलून माझ्यापुढे धरलं. मी हाताची पट्टी सोडली. चाक फोर्कमध्ये बसवलं, नट बोटांनी फिरवले, मग पाना लावला. हात डावाच पुढे आला, मी अडवलं नाही. एक वेढा. अर्धा. पडवीत सोल्यूशनचा वास इतका दाटला, की अण्णांनी नाकाला धोतराचा सोगा लावला. माझ्या पाठीशी कुणी ओणवं होऊन पाहत असल्यासारखी मानेवर ऊब आली. मी वळून पाहिलं नाही.

मग नटाने धरलं. कसं सांगू... लोखंडाने लोखंडाला धरलं, ते मनगटातून खांद्यापर्यंत कळलं. हात सैल पडला. वास गेला, एकदम, दार लावावं तसा. पार्वताबाई दारात हुंदके देऊन रडत होती आणि अण्णा तिला "बस वहिनी, बस" म्हणत होते.

पेटी मी अण्णांच्या पडवीतच ठेवली. त्या दिवशी बसमध्ये मी महिन्याभरात पहिल्यांदा गाढ झोपलो. दुसऱ्या दिवशी बळीरामला खरं सांगितलं. तो पंधरा दिवस बोलला नाही, मग बोलला. डाव्या हाताने पुन्हा कधी त्रास दिला नाही. भिंतीवरचं सगळं लोखंड मी काढून टाकलं.

इथेच संपलं असतं तर मी हे तुम्हाला सांगितलंही नसतं.

तीन आठवड्यांनी अण्णांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर सुवाच्य, तहसिलीतलं. "पुंडलिकरावांस नमस्कार. सायकल आपण ठेवली तिथेच आहे. मी तिला कुलूप लावले आहे, किल्ली माझ्या जानव्याला असते. परंतु चार दिवस झाले, रोज सकाळी टायरांना ओला चिखल लागलेला दिसतो. मी पुसतो, पुन्हा लागतो. आमच्याकडे सगळी माती काळी. हा चिखल लाल आहे, मुरमाचा. असा मुरूम कुठे पडला आहे, आपणांस ठाऊक आहे काय?"

मी कार्ड हातात घेऊन दारात आलो. आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात नवा मुरूम टाकला होता. रोज संध्याकाळी टँकरने पाणी मारायचे. सकाळचं ऊन नुकतंच त्यावर पडलं होतं.

सडकेकडून एक माग आला होता. सायकलचा. हवा भरलेल्या टायरची रेघ बारीक असते. ही रुंद होती, चपटी, कडेला तडकलेल्या रबराचे दात उमटलेले. बळीरामच्या ओट्यासमोरून ती सरळ गेली होती, कुठे थांबली नव्हती. आमच्या फाटकाशी आत वळली होती.

अंजनी झाडू घेऊन मागे येऊन उभी राहिली. "सकाळी सकाळी कोण येऊन गेलं जी?"

मी गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत जाऊन पाहिलं. आलेला माग होता. परत गेलेला नव्हता.