चौथी प्लेट

गुरुवारची संध्याकाळ वक्र्याला घालवायची, असं देवव्रत आणि आसावरीच्या घरात कोणी ठरवलं नव्हतं, पण पाळलं मात्र सोमवारच्या उपासासारखं जायचं. आखाती शहराच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमधून निघालं की दक्षिणेला वीस मिनिटांत समुद्र. वक्रा हे मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव. आता तिथल्या मातकट भिंतींमध्ये सूक, म्हणजे बाजार, थाटला होता आणि भिंतींपासून वाळूपर्यंत हॉटेलांची टेबलं लागत. कोळशावर भाजलेला हामूर मासा, गरम खुब्झ रोटी, वरून करक चहा. आठवडाभर मेसईदच्या प्लांटमध्ये घामाघूम होणारा देवव्रत तिथे पोचला की माणसात यायचा.

आसावरी पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये होती. एका नमुन्यावर ती कधी विश्वास ठेवत नसे. दुसरा तसाच आला तर मान हलवायची, तिसरा आला तरच सही करायची. मासा खातानाही तिची शिस्त सुटत नसे. आठ वर्षांच्या गार्गीच्या घासातले काटे काढून ती प्लेटच्या कडेला ओळीने मांडायची, लांबापासून आखूडापर्यंत. आईने काटे काढल्याशिवाय गार्गी तोंडच उघडत नसे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी ओहोटी होती. टेबलापासून दहा पावलांवर वाळूत एक बाई उभी होती. आपल्याकडचीच वाटत होती, विटका पंजाबी ड्रेस, डोक्यावरून ओढणी. ती त्यांच्या प्लेटांकडे बघत होती. नजरानजर झाली आणि आसावरी सवयीने म्हणाली, "या जेवायला."

नाशिकला तिच्या माहेरी जेवताना कोणी दारावरून गेलं तरी हे म्हटलं जायचं. समोरच्याने "होऊ द्या सावकाश" म्हणायचं आणि पुढे जायचं. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी.

देवव्रत पुण्याचा. तो हसला. "अगं, खरंच आली म्हणजे? हामूर एकच आहे."

"म्हणायची पद्धत असते रे. येत कोणी नाही."

बाई "होऊ द्या" म्हणाली नाही. तिने चपला काढल्या आणि वाळूत शेजारी शेजारी ठेवल्या, पानावर बसण्याआधी ठेवतात तशा.

"आई, बोन्स!" गार्गीने हाक मारली. आसावरी खाली वाकली, दोन काटे काढले आणि पुन्हा पाहिलं. बाई नव्हती. चपला तेवढ्या होत्या.

पुढच्या गुरुवारी हमजाने, त्यांच्या नेहमीच्या मल्याळी वेटरने, न विचारता चार प्लेटा मांडल्या.

"हमजाभाई, हम तीन हैं."

"चार, मॅडम. हर बार चार." त्याने देवव्रतकडे पाहिलं आणि घाईने नजर वळवली. प्लेट मात्र उचलली नाही.

आसावरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हर बार म्हणजे कधी? हा माणूस इथे आणखी कोणाला घेऊन येतो? गाडीत तिने विचारलं. देवव्रत म्हणाला, "त्याचा गोंधळ झाला असेल, खलास." एवढंच. हा एक नमुना झाला, असं तिने मनाशी म्हटलं, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही.

तिसऱ्या गुरुवारी लॅबमध्ये संध्याकाळची शिफ्ट आली. बापलेक दोघंच गेले. ती घरी आली तेव्हा गार्गी पेंगत होती.

"काय खाल्लंस गं? काटे कोणी काढले?"

"यू डिड," गार्गी म्हणाली.

"मी नव्हते, राणी."

"बट यू वेअर देअर, आई." आणि ती कुशीवर वळून झोपली.

आसावरीने देवव्रतचा फोन उघडला. फोटोत गार्गीचे गाल घासाने फुगलेले होते. तिच्या समोर एक प्लेट दिसत होती, प्लेटच्या मागे कोणी नव्हतं. कडेला काटे होते. लांबापासून आखूडापर्यंत, ओळीने.

"कोण आहे ती?" तिने विचारलं.

"कोण कोण? अगं, आपण तिघंच तर होतो." तो हे अगदी सहज बोलला. खोटं बोलणारा माणूस अडखळतो. हा अडखळला नाही.

"तिघं? देवव्रत, मी लॅबमध्ये होते."

"हो, खरंच की," तो उशिराने म्हणाला.

तिला भीती वाटली आणि भीतीहून जास्त राग आला. नवऱ्याने काय दिवे लावायचे ते लावावेत, ते ती निस्तरू शकली असती. पण आपल्या लेकीच्या तोंडात दुसऱ्या कोणाचा घास जावा, हे तिला सहन होईना. कानामागून आली आणि तिखट झाली, आणि बोलावलं तर आपणच. आपणच तिला घालवायचं. येत्या गुरुवारी त्या खुर्चीसमोर उभं राहून स्पष्ट सांगायचं, बाई, झालं तुमचं जेवण, आता निघा.

त्या गुरुवारी संध्याकाळी गर्दी फार होती. ती दोघांना सूकच्या दाराशी उतरवून गाडी लावायला गेली. जागा मिळायला पंधरा मिनिटं लागली. मग गल्ल्यांमधून, अत्तराच्या आणि कोळशाच्या वासातून, ती जवळजवळ पळतच वाळूवर आली.

टेबलावर आज तीनच प्लेटा होत्या.

तिला हायसं वाटलं. चौथी गेली. हमजा शेजारून गेला, तिला थोडा वळसा घालून.

मग तिने पाहिलं. तीन प्लेटांमधून जेवण सुरू झालेलं होतं. तिसरी खुर्ची, तिची, टेबलाशी ओढलेली होती. त्या प्लेटच्या कडेला काट्यांची ओळ तयार होत होती.

गार्गीने रिकाम्या खुर्चीकडे वळून तोंड उघडलं.

"गार्गी!"

गार्गीने पाहिलं आणि लाजून बापाला चिकटली, अनोळखी माणसापुढे चिकटायची तशी.

देवव्रतनेही मान वर केली. त्याची नजर तिच्यावरून फिरली, तिच्या डोक्यावरून आलेल्या ओढणीवर थांबली, चेहऱ्यावर आली. त्यात ओळख नव्हती. चांगल्या घरातल्या माणसाचं सौजन्य तेवढं होतं.

"या जेवायला," तो म्हणाला.

त्याने आयुष्यात कधी कोणाला असं म्हटलं नव्हतं.

अरे, मी आहे, असं तिला ओरडायचं होतं. पण तळव्यांना गार लागलं, म्हणून तिने आधी खाली पाहिलं.

तिच्या चपला वाळूत काढून ठेवलेल्या होत्या, शेजारी शेजारी.