रिकामी ठेवलेली जागा

दार लोटून घ्या आधी. आणि दिवा राहू दे, कोणी बंद करू नका.

ही कुठली ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली आहे. तुमच्यातल्या दोघातिघांनी त्याला पाहिलंय. रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करायचा, खिशात कायम सुयांची डबी, म्हणून सगळे त्याला सुईवाला म्हणायचे. चालू वायर उघड्या हातानं धरणारा माणूस. घाबरायचा तो फक्त माझ्या मेव्हणीला.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. संध्याकाळी तो दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात एक बाई किल्ली घेऊन आली. तिचे वडील जुने गिटारवाले. एक डोळा कधीचाच गेलेला, आता दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं.

"बाबा उद्या सकाळी घरी येताहेत," ती म्हणाली. "डोळ्यावर पट्टी आहे. दिवसभर रेकॉर्डीच ऐकत बसणार. आणि प्लेअर तर फिरतच नाही."

"रबरी पट्टा सैल झाला असेल," साडू म्हणाला. "आज रात्रीच करून टाकतो."

"मी हॉस्पिटलातच आहे. काम झालं की दार ओढून घ्या."

जेवणखाण उरकून तो गेला. गल्लीच्या टोकाचं घर, वरच्या मजल्यावर एक लांबट खोली. एका टोकाला दार, दाराला लागून एक साधी लाकडी खुर्ची. दुसऱ्या टोकाला गजांची खिडकी, तिच्याखाली प्लेअर. आणि मधली भिंत जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डींनी भरलेली.

सगळ्या एकाच जातीच्या. सोल जॅझ. ऑर्गन, गिटार आणि सॅक्सोफोन. तुम्ही पोरं हे ऐकत नाही, तुमचं नशीब. ऑर्गनवाला हातांनी सूर धरतो आणि खाली पायानं बास चालवतो, जणू कोणी जाडजूड माणूस निवांत जिना उतरतोय. गिटार मधेमधे चिमटे काढत असते. आणि मग सॅक्सोफोन येतो. तो वाजत नाही, बोलतो. घरातली मंडळी झोपल्यावर एखादा पाहुणा आपल्याशी हलक्या आवाजात बोलत बसतो ना, तसा.

साडू या संगीताचा वेडा. पट्टा बसवायला त्याला कितीसा वेळ लागणार? पण तपासून बघायच्या नावाखाली त्यानं एक रेकॉर्ड लावली. मग दुसरी. मग तिसरी. मांडी घालून, डोळे मिटून, मान डोलावत बसला. मजेत होता अगदी.

मग त्याच्या हाती एक साधं, बिनचित्राचं वेष्टन लागलं. त्याला ते लगेच ओळखू आलं. ही त्या गिटारवाल्याची स्वतःचीच रेकॉर्ड. तरुणपणी काढलेली. गिटारवर तो, ऑर्गनवर त्यांच्याच गावातली एक बाई, आणि सॅक्सोफोनवर त्याचा थोरला भाऊ.

या रेकॉर्डची हकीकत आमच्या वेळी सगळ्यांना ठाऊक होती. शेवटच्या तुकड्यात सॅक्सोफोनची पाळी यायच्या आधीच थोरल्याचं आणि धाकट्याचं कशावरून तरी वाजलं. थोरला म्हणाला, "तुम्ही तुमचं वाजवून घ्या, माझं मी उद्या येऊन भरतो." वाद्य पेटीत घालून निघून गेला. त्याच रात्री रस्त्यात ट्रकखाली गेला. स्टुडिओवाले म्हणाले, दुसऱ्या कोणाला तरी बोलावू. धाकटा हट्टाला पेटला. "जागा दादाची आहे. राहू दे रिकामी." आणि रेकॉर्ड तशीच निघाली. शेवटच्या तुकड्यात मधेच ऑर्गन आणि गिटार नुसते चालत राहतात. कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

साडूनं ती लावली. दुसरी बाजू. शेवटचा तुकडा सुरू झाला. ती रिकामी जागा आली…

आणि त्याला श्वास ऐकू आला.

लांब, पोटातून ओढलेला. फुंकायच्या आधी माणूस घेतो तसा.

त्याला वाटलं, रेकॉर्डवरच असेल. मग टक, टक. सॅक्सोफोनच्या कळा दाबल्यासारखं. सूर मात्र एकही नाही. त्यानं कान दिला. आवाज स्पीकरमधून येत नव्हता. मागून येत होता. दाराजवळच्या खुर्चीकडून.

तो वळला. खुर्ची रिकामी.

त्यानं सुई उचलली. संगीत थांबलं.

श्वास थांबला नाही.

उलट… जवळ आला. खुर्चीपासून भिंतीच्या मध्यापर्यंत. पावलांचा आवाज नाही, काही नाही. फक्त श्वास आत. श्वास बाहेर. आणि कळांची टकटक.

साडूनं घाईघाईत सुई परत टेकवली. ऑर्गन सुरू झाला. श्वास मागे हटला. परत खुर्चीपाशी.

मला हे सांगताना म्हणाला, "मला कळलं, ही रेकॉर्ड वाजतेय तोवर तो तिथे बसून राहणार. आणि दार त्याच्या पलीकडे होतं."

खिडकीला गज. खाली सामसूम. फोन उचलला तर बॅटरी संपलेली.

मग काय करणार? रेकॉर्ड संपत आली की तो पालथी घालायचा. पालथी घालताना जेवढा वेळ शांतता, तेवढ्यात ते पुढे यायचं. सुई टेकली की मागे. एकदा सुई घसरली. तेव्हा ते इतकं जवळ आलं की मानेवरचे केस हलले. गरम श्वास. माणसाचा.

तो एकदाच बोलला. "तुमचा भाऊ सकाळी येतोय," म्हणाला. "मी फक्त दुरुस्तीला आलोय हो."

टकटक थांबली.

मग पुन्हा सुरू.

आणि तेव्हाच… लाइट गेले.

अंधार. रेकॉर्डखालच्या थाळीचा वेग मंदावला. वीज गेल्याबरोबर स्पीकर मेले, पण थाळी फिरत होती, हळू… आणखी हळू… आणि श्वास खुर्चीवरून उठला.

साडूनं डावा हात पुढे केला. चाचपडत थाळीची कड शोधली. बोटानं फिरवायला लागला. स्पीकर नसला तरी सुई स्वतः बारीकशी वाजते, तुम्हाला माहीत नसेल. मुंगीच्या पावलांएवढा आवाज. खोलीभर तेवढाच. त्या आवाजात ऑर्गन होता. गिटार होती.

श्वास थांबला. पण मागे गेला नाही.

शेजारी बसला.

साडू फिरवत राहिला. बोट दुखायला लागलं. फिरवत राहिला. मग ती जागा आली. रिकामी.

त्याच्या कानाशी कोणीतरी श्वास घेतला. लांब… खोल…

आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं, की श्वास तो स्वतः घेतोय.

पुढचं त्याला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. लाइट आलेले. रेकॉर्ड शेवटाला जाऊन गरगरत होती, सुई आतल्या कडेला खसखसत होती. जिन्यावर पावलं वाजली. मुलगी वडिलांना धरून आत घेऊन आली. डोळ्यावर पांढरी पट्टी. म्हाताऱ्यानं दारातच कान टवकारले.

"फिरायला लागला वाटतं," तो म्हणाला. चेहरा उजळला. "कुठे आहात तुम्ही? हात द्या तुमचा."

साडू कसाबसा उठला. म्हाताऱ्यानं त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला. आभार मानायला म्हणून घेतला. तळवा दाबला, बोटं दाबली. मग त्याची बोटं साडूच्या अंगठ्यावर आली…

आणि तिथेच थांबली.

परत चाचपली. एकदा. पुन्हा एकदा. म्हाताऱ्याचे ओठ हलायला लागले. मुलगी म्हणाली, "बाबा, काय झालं?" त्यानं तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

"दादा?" तो म्हणाला.

साडूनं हात सोडवून घेतला आणि उजेडात धरला. अंगठ्याच्या कडेला, पेराजवळ, जाड, पिवळट घट्टा होता. कातड्यात पार मुरलेला. सॅक्सोफोन गळ्यातल्या पट्ट्याला टांगला, तरी त्याचा आधार उजव्या अंगठ्याच्या त्या एवढ्याशा जागेवर येतो. वर्षानुवर्षं वाजवल्याशिवाय तिथे असा घट्टा पडत नाही.

माझ्या साडूनं जन्मात सॅक्सोफोन हातात धरला नव्हता.